सेलच्या घड्याळाला चावी

मी सुलाबाई. पालमच्या बाजारात बांगड्या भरते. माहेर पेडगावचं, सासर पालमचं, म्हणून ह्या गोष्टीची दोन्ही टोकं मला ठाऊक हायत. लोक म्हणतात, सुलाबाईचं तोंड लय फाटकं. असू द्या फाटकं. शिवलेल्या तोंडाच्या बायांनी काय दिवे लावले ते बी मी बघितलंय.

माझ्या दुकानाला लागून चंद्रभानचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, काचेचा एक खोका, मागं स्टूल, आन् डोळ्याला लावायचं काळं भिंग. शेती कोरडवाहू, पोटाला पुरंना, म्हणून परभणीला राहून तो हे काम शिकून आला होता. बायको बाळंतपणातच गेली. लेक मनकर्णा त्याच्या न् माझ्या दुकानाच्या मधीच वाढली. इकडं माझ्या बांगड्या दोऱ्यात ओवायची, तिकडं बापाच्या हातात चिमटा द्यायची. मला मावशी म्हणायची. मला पोटचं लेकरू न्हाई. आता काय ते समजून घ्या.

तेव्हा घड्याळ म्हणजे चावीचं. आंघोळ झाली की माणूस पहिलं घड्याळाला चावी द्यायचा, देवाला हात जोडायचे मागून. बोटाला ती करकर लागली की दिवस सुरू झाल्यासारखा वाटायचा बाप्यांना. मास्तर, तलाठी, तालेवार शेतकरी, सगळे चंद्रभानचे गिऱ्हाईक. धूळ काढ, तेल दे, स्प्रिंग बदल. वर्षातून एकदा तरी पंचक्रोशीतलं प्रत्येक घड्याळ त्याच्या खोक्यात यायचंच.

मग सेलची घड्याळं आली. चंद्रभान हसायचा. "खूळ हाय, सुलाबाई. दोन सालात उतरंल." दोन सालात उतरलं ते त्याचं तोंड. आधी साहेबाच्या हातात दिसली, मग मास्तरच्या, मग कालेजच्या पोरांच्या, आन् मग बाजारात फडकं अंथरून ढिगानं विकायला बसले लोक. एक दिवस परभणीचा एजंट आला. चहा पिता पिता सरळ म्हणला, "चावीची आता मागवू नका. कंपन्याच बनवायची कमी करायल्यात. मार्केट सेलचं हाय." चंद्रभाननं आपला कप तसाच खाली ठेवला. चहावर साय धरली तरी उचलला न्हाई.

एजंट गेल्यावर त्यानं एक मोडकं सेलचं घड्याळ उघडलं आन् आमाला दोघींना दाखवलं.

"हे बघा. चाकं आपली नावाला. ह्या नळीत गारगोटीचा चिमटा हाय, तांदळाच्या कणीएवढा. सेलचा करंट लागला की थरथरतो. त्या थरथरीवर सगळं चालतंय."

"आन् बिघडलं तं?" मी विचारलं.

"फेकायचं. नवीन आणायचं. ह्याला दुरुस्ती न्हाई."

"मग ही चावी कशाला ठेवलीय?"

"ही चावी न्हाईच, मावशी," मनकर्णा मधीच बोलली. तिनं दुसरं एक चालू घड्याळ उचललं, नखानं ती बारकी घुंडी बाहेर ओढली. काटा जागच्या जागी उभा. आत दाबली. काटा चालू. परत ओढली, उभा. परत दाबली, चालू. लेकराला खेळणं सापडावं तशी हसत होती. "काटे फिरवायपुरती हाय. बाहेर राहिली की घड्याळ झोपतंय, सेल बी खर्चत न्हाई."

एवढंच. एवढ्याशा घुंडीवर एका पोरीचा जन्म वाया गेला.

शहाऐंशी साली पेडगावच्या व्यंकटरावाकडून मागणं आलं. कालव्याचं पाणी शिवारात आल्यापासून व्यंकटरावाची मान जी ताठली, ती खाली बघायचं विसरूनच गेली. पोरगा भुजंग. दिसायला बरा, पण बापानं बस म्हणलं की बसणार, ऊठ म्हणलं की उठणार. मी चंद्रभानला म्हणलं, "घर माझ्या गावचं हाय, मला माहीत हाय, त्या घरात बोलतो एकटाच." चंद्रभान म्हणला, "पाण्याची जमीन हाय, सुलाबाई. माझी लेक कोरड्यात वाढली." बापाला पाणी दिसलं, त्यात मगर हाय ते दिसलं न्हाई.

बोलणी झाली तेव्हा व्यंकटराव म्हणला, "बाकीचं तुमच्या मनानं करा. पण पोराला घड्याळ सेलचं पाहिजे. चावीचं आणाल तं मी परत पाठवीन. व्याही घड्याळवाला आन् जावयाच्या हातात जुनं डबडं, लोक तोंडात शेण घालतील माझ्या." चंद्रभाननं जावयासाठी एक चावीचं घड्याळ किती वर्षं तेलपाणी करून कपाटात जपलं होतं. त्यानं ते तिथंच राहू दिलं. हैदराबादला जाऊन सेलचं आणलं, सोनेरी पट्ट्याचं.

लग्न पोराच्या दारात, पेडगावला. आई न्हाई म्हणून पाठराखीण मी. पाठराखीण म्हणजे नवरीच्या पाठीशी उभी राहणारी. चांगलं नाव हाय. पाठीशी उभं राहायचं, पुढं यायचं न्हाई.

आदल्या दिवशी टिळ्याला चंद्रभाननं घड्याळ काढलं. भुजंगच्या मनगटावर बांधणार, तेवढ्यात व्यंकटरावानं हात पुढं केला. "बघू." बघितलं आन् आपल्याच मनगटावर चढवलं. भुजंग नुसता बघत बसला. त्याचं घड्याळ, बापाच्या हातात! पण बोलायची टाप न्हाई.

चंद्रभान हळूच म्हणला, "व्याहीबुवा, ह्याला चावी द्यायची नसती बरं का."

व्यंकटराव बाकीच्यांकडं बघून हसला. "हे मला घड्याळ शिकवायलेत! तीस साल झाले घड्याळ वापरायलोय मी." सगळे हसले. ज्यांच्या सात पिढ्यांत घड्याळ नव्हतं ते बी हसले.

लग्नाच्या दिवशी मांडवात व्यंकटराव बाजेवर बसला. ऊठसूट बाही वर सारायचा. कुणी किती वाजले विचारायची खोटी. "सेलचं हाय. एक मिनिट इकडं न्हाई, तिकडं न्हाई. टेसनावरचं घड्याळ चुकंल, हे चुकायचं न्हाई." झरीचे पाहुणे आले तशी त्यानं ते काढून त्यांच्या पुढं धरलं. आन् बोलता बोलता, तीस सालची सवय, बोटं गेलीच घुंडीवर. मी नवरीला हळद-कुंकू लावून बाहेर आले होते, मी डोळ्यानं बघितलं. दोन पीळ दिले. करकर लागंना. म्हणून ओढली. परत पिळली. काटे हलले, ते त्यानं जोशीबुवाचं घड्याळ बघून जागेवर आणले. घुंडी राहिली बाहेरच. घड्याळ मनगटावर, बाही खाली. मला तेव्हा उमगलं न्हाई, मी घाईत होते. बांगड्यांचं काही असतं तं माझ्या नजरेतून सुटलं नसतं.

मुहूर्त साडेअकराच्या आतला होता. जोशीबुवा पंचांग घेऊन उठले. "मालक, वेळ झाली. नवरा-नवरीला आणा."

व्यंकटरावानं बाही सारली. "हाय अजून लय वेळ. तासभर हाय."

"माझ्या घड्याळात सव्वाअकरा झालेत."

"तुमचं चावीचं डबडं. पळतंय ते. हे बघा, सेलचं. लावा ह्याच्यावर."

आन् बघा माणसाची जात! जोशीबुवानं आपलं घड्याळ मागं घेतलं. झरीच्या पाहुण्यांनी घेतलं. पेडगावचे मास्तर, त्यांनी बी घेतलं. मांडवातली सगळी चालती घड्याळं त्या एका बंद घड्याळावर लावून घेतली. काटा उभा हाय का चालायलाय हे बघायला एकाच्या बी डोळ्याला सवड न्हाई. सोनेरी पट्टा तेवढा दिसला सगळ्यांना.

मग मनमाडकडची गाडी शिट्टी मारत गेली. ती गाडी दुपारी जाते, पेडगावच्या शेरडांना सुद्धा माहीत हाय. एक म्हातारा म्हणला, "अरे, गाडी गेली की." व्यंकटराव म्हणला, "आज लवकर आली असंल." आमच्या लाईनीवर गाडी लवकर आली! हे ऐकून मला हसू आलं, खरं सांगते. शेवटचं तेवढंच हसले मी त्या घरात.

ऊन डोक्यावर आलं, सावल्या पायाखाली गेल्या, तेव्हा जोशीबुवानं भुवया वर करून सूर्य बघितला आन् पंचांग मिटलं. "मुहूर्त गेला मालक. कधीचाच गेला."

सनईवाला तेवढा एकटाच वाजवत राहिला, त्याला बी कुणीतरी थांबवलं. व्यंकटराव मनगटाकडं बघायलाय, बघायलाय, आन् हळूहळू त्याला कळलं की काटा सकाळपासून हललाच न्हाई. सगळ्या पाहुण्यांसमोर, स्वतःच्या दारात, स्वतःच्या तोंडानं त्यानं पोराचा मुहूर्त घालवला होता. असल्या माणसाला त्या वेळी काय पाहिजे असतं? गुन्हेगार पाहिजे असतो.

"बंद घड्याळ दिलं मला!" तो ओरडला. "लग्नाच्या मांडवात बंद घड्याळ! रोजच्यासारखी चावी दिली मी, तरी बंद! हा अपशकुन मुद्दाम केला ह्या माणसानं. न्हाई करायचं लग्न. घेऊन जा तुमची पोरगी."

त्यानं घड्याळ चंद्रभानच्या अंगावर फेकलं. चंद्रभाननं झेललं. हातात येताक्षणी त्यानं अंगठा फिरवला, आन् मला त्याच्या तोंडावरून कळलं. घुंडी बाहेर होती. मी दारात नवरीच्या मागं उभी होते. मनकर्णाला बी कळलं. मुंडावळ्यांतून ती बापाच्या अंगठ्याकडं बघत होती.

नुसतं दाबायचं होतं. काटा चालला असता. सगळ्यांनी बघितलं असतं की घड्याळ चांगलं हाय, बंद पाडलं ते व्यंकटरावानंच. आन् मग? सगळ्या गावादेखत ज्याला मूरख ठरवलं, त्याच्या घरात लेक नांदणार होती का? आन् परत न्यावी तं मांडवातून परत आलेली पोरगी कोण करून घेतो? चंद्रभानचा अंगठा घुंडीवर टेकलाय, मी बघायले. मी पुटपुटले बी, दाब, मेल्या, दाब.

न्हाई दाबला. डोक्यावरचा रुमाल काढला, व्यंकटरावाच्या पायावर ठेवला. "चूक माझी, व्याहीबुवा. सेल कमजोर निघाला. मी बघून घ्यायला पाहिजे होता. लेकीला पदरात घ्या."

पायावर माणूस पडला तसा व्यंकटरावाला गारवा वाटला. सांजच्याला गोरज मुहूर्तावर लग्न लावायचं ठरलं. चंद्रभान घड्याळ खिशात घालू लागला, म्हणला, दुरुस्त करून आणतो. व्यंकटरावानं हिसकून घेतलं.

"न्हाई. हे हितंच राहणार. माझ्या ओसरीवर. येणाराजाणाराला दिसू दे, चंद्रभान घड्याळवाल्यानं लेकीसंगं काय दिलं ते."

ओसरीच्या खुंटीला घड्याळ लटकलं. घुंडी बाहेर, काटे उभे.

लग्न लागल्यावर, निघायच्या वेळी चंद्रभाननं लेकीला जवळ घेतलं. मी ऐकलं. "त्या घड्याळाला हात लावू नको, बाई. मी जित्ता हाय तवर तरी लावू नको. त्यात सासऱ्याची अब्रू हाय." मनकर्णा म्हणली, "आन् तुमची, आबा?" यष्टी लागली होती, तो जाऊन बसला.

ताटातल्या तांदळात भुजंगनं अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं, सुलक्षणा. त्या नावानं तिला एकदा बी कुणी हाक मारली न्हाई. चारच दिवसांत सासू पार्वतीबाईनं दुसरं नाव ठेवलं. बंद घड्याळ. "ए बंद घड्याळ, पाणी आण." "बंद घड्याळाला जेवायला वाढा." आधी सासू, मग नणंदा, मग आळीतली शेंबडी पोरं. भुजंग बी हसायचा. तेव्हा विद्यापीठाच्या नावावरून सगळ्या मराठवाड्यात माणसं भांडत होती, मोर्चे निघत होते, यष्ट्या बंद पडत होत्या. हितं माझ्या पोरीचं नाव दोनदा बदललं, पेडगावात कुणी चकार शब्द काढला न्हाई.

आन् पोट पिकंना. एक साल, दोन साल. मग ते नाव ओसरीवरून खाली येऊन तिच्या पोटाला चिकटलं. सासू पाहुण्यांना खुंटीवरचं घड्याळ दाखवायची, मग चुलीपुढं बसलेली सून. "बापानं दोन्ही बंदच दिली." अशा हसायच्या सगळ्या! मनकर्णा रोज सकाळी ओसरी झाडायची, घड्याळावरची धूळ पदरानं पुसायची आन् परत लावायची. तिच्या नखाला ती घुंडी रोज लागायची. तरी दाबली न्हाई. मी माहेरी गेले की म्हणायची, "आबाला शब्द दिलाय, मावशी." मी तिला शिव्या घालायचे, तिच्या बापाला घालायचे, आन् मग मोरीत जाऊन रडायचे.

पालममध्ये चंद्रभानचं काय झालं म्हणाल, तं तेच जे व्हायचं होतं. चावीची घड्याळं तशीबी उठली होती. सेल बदलायला लोक यायचे, ते बी बंद झाले. "लेकीच्या लग्नात ज्यानं कमजोर सेल घातला, तो आपल्याला काय चांगला देणार?" व्यंकटरावानं ही गोष्ट बाजाराबाजारात फिरवली होती, आन् चंद्रभाननं ती भर मांडवात स्वतः कबूल केली होती. आता कुणाला काय सांगणार? दिवसभर रिकाम्या खोक्यामागं भिंग लावून बसायचा. एका दुपारी तसाच बसल्या बसल्या गेला. भिंग डोळ्यावरच होतं. मी काढलं.

चौथ्या साली व्यंकटरावानं भुजंगसाठी दुसरी पोरगी बघितली. पहिली जित्ती असताना दुसरी करायची न्हाई असा कायदा हाय म्हणं. कायदा पेडगावच्या टेसनावर कधी उतरलाच न्हाई. गावातल्या एकानं लाजत लाजत विचारलं, सुनेला परभणीच्या डाक्टरला दाखवलं का. व्यंकटराव म्हणला, "आजकाल दुरुस्ती कोण करत बसतंय? बिघडलं की नवीन आणायचं." वर हसला. त्या हसण्याला माझ्या जिभेवर लय शिव्या हायत, एक बी पुरी पडत न्हाई.

आन् बांगड्या भरायला बोलावलं कुणाला? मला! गावची लेक, वर कासारीण. मी गेले. बांगड्यांसाठी न्हाई गेले, मनकर्णासाठी गेले. नवी पोरगी कमल मांडवात बसली होती, अजून अंगात वारं भरल्यासारखी अल्लड. तिचा हात मऊ, बांगडी सरकन जायची. मग रीत म्हणून पहिलीचा हात पुढं आला. त्या हातावर नुसती हाडं. हिरवी बांगडी चढवली तं कोपरापर्यंत गेली.

"मावशी," ती हळूच म्हणली, "आता आबा न्हाईत."

"न्हाईत."

"मग आज दाबते. सगळ्यांसमोर. आबाचं नाव तरी सुटू दे."

"दाब," मी म्हणले. "चार साल झाले मी वाट बघायले."

तिनं पक्कं ठरवलं होतं. नवी नवरी माप ओलांडून आत येईल, सगळा गोतावळा ओसरीवर असंल, तेव्हाच करायचं. डोळे कोरडे होते तिचे. मला वाटलं, आज ह्या घरात खरं काय ते बोललं जाणार.

कमल दारात आली. पार्वतीबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. माप लवंडलं. तांदूळ सांडले. त्याच वेळी मनकर्णानं खुंटीवरून घड्याळ काढलं आन् सगळ्यांच्या मधी येऊन उभी राहिली.

"मामंजी, हिकडं बघा," ती म्हणली. आवाज मोठा होता. मी चार सालात तिचा तेवढा आवाज ऐकला नव्हता. "हे घड्याळ कधीच बंद नव्हतं. ही घुंडी तुमी ओढली. माझ्या आबानं तुमची लाज राखली."

आन् अंगठा दाबला.

मी तिच्या जवळच होते. काटा एकदा अडखळला, मग निघाला. टिक, टिक, टिक. चार साल धूळ खाल्लेलं घड्याळ, त्यातला तो कणीएवढा चिमटा परत थरथरायला लागला. कमजोर सेल म्हणे!

व्यंकटरावानं घड्याळाकडं बघितलं. मग तिच्या अंगठ्याकडं. त्याला समजलं. माझी खात्री हाय, त्याला सगळं समजलं. त्यानं एवढं जरी म्हणलं असतं की 'माझंच चुकलं', तं मी त्याचे पाय धुतले असते.

तेवढ्यात पार्वतीबाई किंचाळली, "अगं बाई! घड्याळ चालू झालं! नव्या सुनेचं पाऊल पडलं न् घड्याळ चालू झालं!"

व्यंकटरावानं एकदा बायकोकडं बघितलं, एकदा गोतावळ्याकडं. मग मान ताठ केली. "पायगुण!" तो म्हणला. "बघितलं का रे? पायगुण म्हणत्यात ते ह्याला! चार साल मेलेलं घड्याळ, लक्ष्मी दारात आली आन् जित्तं झालं."

सगळा गोतावळा एकदम बोलायला लागला. पायगुण, पायगुण. ताशा वाजला. मनकर्णा ओरडायली, "न्हाई, मी दाबलं, हे बघा, मी दाबलं!" कुणाला ऐकू जाईना. मी बी ओरडले, घसा फाटेस्तोवर ओरडले. व्यंकटराव म्हणला, "सुले, बांगड्या भर. घड्याळातलं तुला काय कळतंय?" आन् माझ्याच गावचे लोक माझ्या तोंडावर हसले. घड्याळ तिच्या हातातून घेऊन त्यानं भुजंगच्या मनगटावर बांधलं. मग सवतीला ओवाळायला मनकर्णाच्याच हातात ताट दिलं. तिनं ओवाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात माझी पेटी बांधत होते. व्यंकटराव आंघोळ करून ओसरीवर आला. भुजंगनं काढून ठेवलेलं घड्याळ कोनाड्यात होतं. त्यानं ते उचललं, आतबाहेर कुणी हाय का बघितलं. मी पेटीआड होते, त्याला दिसले न्हाई. त्यानं अंगठ्याचं नख घातलं आन् घुंडी सावकाश बाहेर ओढली. सवयीनं न्हाई. पीळ दिला न्हाई. नुसती ओढली, आन् काटा उभा राहिलेला नीट बघून घेतला.

मग हाक मारली सगळ्यांना. "बंद पडलं! काल चालू झालेलं, रात्रीतून बंद पडलं! हिची नजर लागली. उद्या माझ्या नव्या सुनेला लागंल, तिच्या लेकराला लागंल. हिला ह्या घरात ठेवायचं न्हाई आता."

मी पेटी टाकून धावले. "त्यानं ओढली! मी बघितलं, ह्यानंच ओढली!"

"कालपासून हिची जीभ चालूच हाय," पार्वतीबाई म्हणली. "दोघी एकाच माळेच्या."

मनकर्णा सासऱ्याच्या नखाकडं बघत होती. तिनंच कालच्याला सगळ्यांसमोर त्याला शिकवलं होतं, कसं ओढायचं, कसं दाबायचं. तिनं आत जाऊन दोन लुगडी बांधली. भुजंग गोठ्याकडं निघून गेला होता. कमल दाराआडून बघत होती, तिच्या हातातला नवा हिरवा चुडा मीच भरलेला.

तांब्याभर पाणी सुद्धा कुणी दिलं न्हाई. मी पेटी डोक्यावर घेतली, ती माझ्या मागं. सगळी आळी दारात आली होती, लेकरांना पदराखाली घेऊन. यष्टी येईस्तोवर आमी फाट्यावर उभ्या राहिलो. व्यंकटराव चार माणसं घेऊन मागून आला, आमी खरंच गेलो का बघायला. घड्याळ आता त्याच्याच मनगटावर होतं.

यष्टी आली. मनकर्णा आधी चढली. मी पायरीवर पाय ठेवला आन् मागं वळून बघितलं. व्यंकटरावानं दुसऱ्या हाताचा अंगठा मनगटावर दाबला, मग बाही सारून हात त्या चार माणसांपुढं धरला.

"बघा रे," तो म्हणला, "ती गेली आन् घड्याळ चालू झालं."

चौघांनी वाकून बघितलं. मग आपापली घड्याळं त्याच्यावर लावून घेतली.